खडूचे डाग

वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने मुलीच्या तोंडावर रबराचा पडदा चढवला.

असं करायचं नसतं. आधी ओठांना मलम लावायचं, मग सांगायचं की आता तासभर बोलता येणार नाही, काही त्रास झाला तर डावा हात वर कर, आणि मग सावकाश पडदा. पंधरा वर्षं तो हे न चुकता करत आला होता. आज मुलगी खुर्चीत आडवी झाल्याझाल्या हळूच म्हणाली, "काका, आईला सांगा ना. मी रोज घासत होते. तारा होत्या तेव्हाच हे डाग पडत होते, तुम्ही तर दर महिन्याला बघत—" आणि त्याच्या हातांनी निळं रबर ताणून तिच्या नाकाखालून हनुवटीपर्यंत आणलं, चौकटीच्या खुंट्यांना अडकवलं, दोन्ही बाजूंच्या दातांना चिमटे बसवले. भोकांतून वरचे सहा दात तेवढे बाहेर आले. बाकीची मुलगी पडद्यामागे गेली. सिस्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि थुंकी ओढायची नळी रबराखाली सरकवली. ही बाई एकोणीस वर्षं या दवाखान्यात होती. तिने पाहिलेलं सगळं ती बोलली असती तर दाराला कुलूप लागलं असतं, पण ती नळ्या सरकवायची. कोपऱ्यातल्या गोल स्टुलावर मुलीची आई बसली होती. बसण्याआधी तिने स्टूल रुमालाने पुसलं होतं. काही म्हणत होती का ही, असं तिने विचारलं. काही नाही, घाबरलीये जरा, असं तो म्हणाला आणि दिवा खाली ओढला.

मुलगी घाबरलेली नव्हती. पेशंट डोळे मिटून घेतात, छताकडे बघतात, काही जण पुटपुटतात. हिचे डोळे पडद्याच्या वर उघडे होते आणि ते त्याच्यावर होते. रागाने नव्हे. फळ्यावर गणित लिहून देऊन मास्तर बाजूला उभे राहतात, तसे. त्याने ट्रेमधला नारिंगी चष्मा उचलून तिला घातला. हा चष्मा निळ्या दिव्याच्या वेळी लागतो आणि निळ्या दिव्याला अजून निदान अर्धा तास होता. सिस्टरने हेही पाहिलं. चष्म्याआड डोळे गेले, पण गेले नाहीत. दोन नारिंगी तबकड्यांत त्याचं स्वतःचं तोंड दिसायला लागलं, मास्क लावलेलं, कानांशी पट्ट्यांनी करकचलेलं. त्याला शिसारी आली. रबराचा वास, त्याखालून येणारा कोमट थुंकीचा वास, नळीचा घशातल्यासारखा घुरघुराट. पंधरा वर्षांत या वासाची सवय झाली असं तो लोकांना सांगायचा. झाली नव्हती. घरी जेवताना समोरच्या ताटातल्या अन्नाचं पुढे काय होणार, ते कुठल्या दाढेच्या खाचेत बसणार, रात्रभर कसं आंबणार, हे त्याला दिसायचं. बायको जेवताना तो पाण्याच्या भांड्याकडे बघायचा. बायकोचा वरचा डावा सुळा हुबेहूब तिच्या वडिलांसारखा, किंचित पुढे आलेला. लग्नाआधी तो त्याला गोड वाटला होता. नंतर बायको जवळ आली की त्याला सासऱ्यांचा सुळा जवळ आल्यासारखं व्हायचं, आणि हे जगात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दवाखाना सासऱ्यांचा. ते मोठे डॉक्टर, हा जावईडॉक्टर. पेशंटही तसंच म्हणायचे, तोंडावर, प्रेमाने: जावईडॉक्टर आहेत ना आज, मग चालेल. मोठे डॉक्टर बोलायचे, हसायचे, खांद्यावर हात ठेवायचे. तोंडात हात घालायचं काम याच्याकडे. त्यात वाईट काही नव्हतं. हात चांगले होते त्याचे. या डागांचं नवीन काम तोच शिकून आला होता. भोक पाडायचं नाही, कानस चालवायची नाही. डाग म्हणजे दाताच्या कवचातलं सत्त्व झरून गेलेली जागा. वरून शाबूत, आतून भुसभुशीत, म्हणून उजेड आत जाऊन अडकतो आणि जागा खडूसारखी पांढरी दिसते. आम्लाची जेल लावून वरची पातळ झिल्ली उघडायची, आतलं पाणी उडवायचं, आणि त्या पोकळीत पाण्यासारखं पातळ रेझिन मुरवायचं. निळ्या दिव्याखाली ते घट्ट होतं, उजेड सरळ आरपार जातो, आणि डाग दिसेनासा होतो. तो पेशंटला नेहमी हेच शब्द सांगायचा, दिसेनासा होतो. मोठे डॉक्टर मागून येऊन म्हणायचे, जातो.

पडद्यामुळे थुंकी लागत नव्हती, त्यामुळे दात सुकत चालले होते, आणि दात सुकला की असा डाग अजून उठून दिसतो. मिनिटामिनिटाला सहा दात त्याच्यासमोर कबुली दिल्यासारखे पांढरे होत होते. प्रत्येक दाताच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन, जिथे तारेची टिकली चिकटवलेली होती, आणि त्या चौकोनाच्या कडेने, हिरडीच्या बाजूला, खडूची चंद्रकोर. टिकल्या त्यानेच चिकटवल्या होत्या. एखाद्याने भिंतीवरची तसबीर काढावी आणि मागे तिचा आकार राहावा तसे ते चौकोन राहिले होते. कॉलेजात हिला खडू म्हणतात. मागच्या खेपेला तिने ते स्वतःच सांगितलं होतं, ओठ मिटूनच हसत, आणि आईने लगेच म्हटलं होतं, म्हणणारच, मी काय सांगत होते तुला. आई एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. काचेच्या नळ्या धुऊन, उलट्या करून, ओळीने लावणारी बाई. तिच्या हिशेबी घाण ही कुणाची तरी असते, आपोआप होत नाही. बावीस महिने तारा होत्या, तारा निघाल्या आणि खाली डाग. मग ते कुणाचे? पोरीचे. दोन महिने ती घरात, फोनवर, पाहुण्यांसमोर तेच सांगत होती. आणि आता मुलीला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली होती, घरं-इमारती आखायला शिकवतात तिथे, आणि येते की नाही हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आईने आतमध्ये येतायेता, जिना चढल्याचा दम खात, त्याला हेही सांगून टाकलं होतं: जिला स्वतःचे दात घासता येत नाहीत ती हॉस्टेलवर एकटी काय राहणार, डॉक्टर, तुम्हीच सांगा. तो हसला होता. काहीतरी बोलायचं टाळायला माणूस हसतो तसं.

त्याला माहीत होतं. हेच तर होतं. सातव्या महिन्यात, उजव्या सुळ्यावर, टिकली आणि हिरडीच्या मधे, नखाच्या कडेएवढी पांढरी रेघ. त्याने सुईच्या टोकाने ती चाचपली होती आणि टोक किंचित खरखरलं होतं. टिकल्यांच्या भोवती साधा ब्रश पोचत नाही. त्याला बारका, बाटली धुवायच्या ब्रशासारखा ब्रश लागतो, तो कसा फिरवायचा ते आरशात दाखवावं लागतं, दर खेपेला बघावं लागतं. दाखवलं नव्हतं. ते काम कुणाचं हे दवाखान्यात ठरलेलंच नव्हतं. याला वाटायचं सिस्टर दाखवते, सिस्टरला वाटायचं डॉक्टर. आणि कार्डावर मात्र दर महिन्याला त्याच्या अक्षरात ओळ होती, 'स्वच्छता ठीक.' ती ओळ तो पेशंट आत येतानाच लिहून टाकायचा, त्याने तोंड उघडायच्या आधी, कारण हातमोजे घातल्यावर पेन धरता येत नाही. इतकं साधं कारण. त्या सातव्या महिन्यात त्याने ओळ आधीच लिहिली होती आणि मग रेघ दिसली, आणि हातमोजे काढून ओळ खोडायचा त्याला कंटाळा आला. कंटाळा. एवढाच शब्द. संध्याकाळी तो सासऱ्यांना म्हणाला होता, त्या पोरीचं कवच झरायला लागलंय, दोन महिने तारा काढून ठेवू. ते व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत होते. कोरून निघालेलं त्यांनी आधी बघितलं, मग जिभेने परत घेतलं, आणि म्हणाले, "अहो, मधेच तारा काढल्या की पोरं परत येत नाहीत. आणि डागांचं तुम्ही शिकून आलाच आहात की आता." हे ऐकून त्याला काय वाटलं होतं? त्याने आठवायचा प्रयत्न केला. त्याला बरं वाटलं होतं. शिकून आलात, असं ते पहिल्यांदा म्हणाले होते. पुढचे पंधरा महिने तो त्या तोंडात बघून तारा बदलत राहिला, रेघेची कोर झाली, एकीच्या सहा झाल्या, आणि तो मूग गिळून बसला. किळस कुणाची यायची? त्या कार्डाच्या कोपऱ्याची यायला हवी होती. ती त्याला मुलीच्या तोंडाची यायची, म्हणून तो पटकन उरकायचा.

जेल लावली, दोन मिनिटं. सिस्टरने घड्याळ लावलं. आम्लाचा आंबट दर्प मास्कमधूनही नाकात गेला आणि त्याला, का कोण जाणे, स्वतःच्या आईचं तोंड आठवलं. त्याच्या आईचे दातही डागांचे होते. लहानपणी ज्या विहिरीचं पाणी प्यायली तिच्या पाण्याने म्हणे, पांढरे आणि मधेमधे तपकिरी. ती हसताना पंजा तोंडावर धरायची. लोकांना ती लाजाळू वाटायची. घरात मात्र ती पंजा काढून हसायची, विशेषतः याच्यासमोर, मोठ्याने, डोक्यावर छप्पर हलेल असं. तो डॉक्टर झाला, पहिल्या सुट्टीत घरी गेला, आणि नव्या विद्येच्या मस्तीत म्हणाला, आई, आ कर बघू. तिने आनंदाने केला. खिडकीपाशी, उन्हात. त्याने आत बघितलं आणि अर्धा क्षण, त्याहून जास्त नाही, त्याच्या नाकपुड्या आखडल्या. तोंड तिचं उघडं होतं पण डोळेही उघडे होते. तिने तोंड मिटलं. काय रे, खूप वाईट आहेत का, असं विचारलं. नाही गं, ठीक आहेत, तो म्हणाला. त्यानंतर ती बारा वर्षं जगली आणि त्याच्यासमोर पंजा न धरता एकदाही हसली नाही. ठीक आहेत. हा शब्द तो तेव्हापासून लिहीत आला होता.

जेल धुतली, हवेने सुकवलं, आणि दातांवर अल्कोहोलचे थेंब सोडले. ही पायरी कामाची गंमत आहे. अल्कोहोल पोकळीत शिरतं आणि घडीभर डाग नाहीसे होतात. रेझिन घातल्यावर दात कसा दिसेल त्याचा तो नमुना. मग अल्कोहोल उडतं आणि डाग परत येतात. सहाही दात एकदम निर्मळ झाले. आई स्टुलावरून उठून जवळ आली, बघितलं, आणि तिच्या तोंडून अगं बाई निघालं. मग चंद्रकोरी एकेक करून परत उमटल्या. आईचा चेहरा पडला. ती मुलीला म्हणाली, बघ काय करून ठेवलंयस. पडद्यामागून घशातला एक आवाज आला, शब्द नसलेला. मुलीचा डावा हात खुर्चीच्या हातावरून वर आला. काही झालं तर हात वर कर, हे आज कुणी तिला सांगितलं नव्हतं. बावीस महिन्यांची सवय. "दुखतंय का?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. नाही. हात मात्र वरच राहिला.

आता बोलायचं होतं. आई इथे उभी होती, डाग समोर होते, चौकोन आणि त्याच्याभोवतीची कोर, बोट ठेवून दाखवता आलं असतं: हे बघा, ही टिकलीची कड, इथे ब्रश पोचत नाही, पोचवायचा कसा ते आम्ही शिकवायचं असतं, आम्ही शिकवलं नाही, आणि मी बघत होतो. प्रयोगशाळेतली बाई होती ती. तिला दाखवलं असतं तर समजलं असतं. वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, शब्दन्‌शब्द. त्याने सिस्टरला म्हटलं, रेझिन द्या. वरचा दिवा बाजूला फिरवला, कारण उजेडात रेझिन आधीच घट्ट व्हायला लागतं, आणि खोली अंधुक झाली. आधी हे करून टाकू, मग सांगू, शांतपणे, असं त्याने स्वतःला सांगितलं. अर्धवट सोडलं तर दाताला बरं नाही. हे खोटं नव्हतं. ते फार सोयीचं खरं होतं. त्याने मुलीचा वर आलेला हात धरून खाली ठेवला. तिने तो ठेवू दिला. तीन मिनिटं रेझिन मुरत राहिलं. काही दिसत नाही त्यात. एक ओलसर चकाकी, बस्स. उरलेलं पुसलं, दातांच्या फटींतून दोरा ओढला, आणि निळा दिवा लावला. चाळीस सेकंद एकेका दाताला. रेझिनचा दुसरा हात, परत दिवा. हे आता निघणार नाही हे त्याला माहीत होतं. आत मुरलेलं काढायला दातच उगाळावा लागला असता.

त्याने चिमटे सोडवले, पडदा उतरवला, रबराचा चुरगळलेला, थुंकीने चकचकणारा गोळा ट्रेमध्ये टाकला. मुलीच्या ओठांभोवती चौकटीचा लाल वळ उठला होता, मलम लावलं नव्हतं म्हणून. तिने ओठ पुसले आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, कॅमेरा गळ्यात. काम झाल्याचा वास त्यांना कसा लागायचा कोण जाणे. वा, वा, असं म्हणत त्यांनी आईला आरशात दाखवलं, आई आभार मानायला लागली, आणि मध्येच तो बोलला. आवाज स्वतःलाच परका वाटला.

"तिची चूक नव्हती. ती घासत होती. तारांभोवती कसं घासायचं ते आम्ही तिला शिकवलंच नाही. डाग पडताना मला दिसत होते आणि मी बोललो नाही."

सिस्टरच्या हातातली नळी थांबली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी बंद झालं. आई त्याच्याकडे बघत होती. मग ती वाकून मुलीच्या दातांकडे बघायला लागली, नळीत काही उरलंय का ते उजेडात धरून बघावं तशी. काहीच नव्हतं. सहा दात, सारखे, ओले, स्वच्छ. बोट ठेवायला जागा नव्हती. तिने मान वर केली आणि तिचे डोळे पाणावलेले होते.

"किती चांगले आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "हिच्यासाठी स्वतःच्या अंगावर घेताय."

नाही, तसं नाही, असं तो म्हणाला. खरंच म्हणाला, दोनदा. पण सासऱ्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला होता, जड, उबदार. आमचे जावई हळवे आहेत, ते म्हणाले, पेशंटचं सगळं स्वतःला लावून घेतात, घरीसुद्धा जेवत नाहीत नीट. आई रुमालाने डोळे टिपत होती. मुलीला ती म्हणाली, इथे असे डॉक्टर मिळाले म्हणून निभावलं तुझं. तिकडे कोण बसलंय असं पाठीशी घालायला? संध्याकाळी मी त्यांना नाहीच म्हणून कळवते. इथलं कॉलेज काय वाईट आहे. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली, मुली डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या. मुलीने बोटाने ओठाभोवतीचा वळ चाचपला.    त्याने खरं सांगितलं होतं, अगदी शब्दन्‌शब्द, आणि त्याचं काहीही वाकडं झालं नव्हतं. गार पाणी प्यायल्यासारखं त्याला वाटलं, आणि हे वाटतंय हे लक्षात आल्यावर जी किळस आली ती या खोलीतल्या कुठल्याच तोंडाची नव्हती.

सासरे कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाले, चला, फोटो, हास बघू बाळ. मुलीने ओठ मिटलेलेच ठेवले. हास की गं, आई म्हणाली, डॉक्टर थांबलेत. ओठ मिटलेलेच. सासरे त्याला म्हणाले, ओढणी लावा तुम्ही. ही ओढणी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे दोन आकडे, ओठांच्या दोन कोपऱ्यांत अडकवून ओढले की सगळे दात उघडे पडतात. फोटोत बघणाऱ्याला वाटतं माणूस खदखदून हसतंय. तो आकडे घेऊन तिच्यावर वाकला. नारिंगी चष्मा कधीच काढून झाला होता. तिचे डोळे वीतभर अंतरावर होते, आणि ती त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"आता बरं वाटतंय ना तुम्हाला, काका?"

या वेळी तो थांबला. आकडे हातात तसेच धरून त्याने तिचा प्रश्न पुरा होऊ दिला.

"हो," तो म्हणाला.

तिने मान डोलावली, उत्तर बरोबर आल्यासारखी, आणि स्वतःहून तोंड उघडलं. त्याने एक आकडा डावीकडे अडकवला, एक उजवीकडे, आणि ओढलं. लाल वळ आलेले ओठ ताणले गेले. सासरे म्हणाले, अजून थोडं. त्याने अजून ओढलं. कॅमेऱ्याचा उजेड तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा तो त्या सहा दातांकडे बघत होता. सुळ्यावरची पहिली रेघ, तिच्या शेजारची कोर, मधल्या दोन दातांवरच्या रुंद कोरी. कुठे काय होतं ते त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. डोळे उघडे ठेवून त्याला त्यातलं एकही सापडेना.